चावीची आगगाडी आणि दुरुस्तीचा धर्म

जुनी वस्तू मोडली म्हणजे माणसापुढे तीन वाटा असतात. ती टाकून द्यावी, आहे तशी जपून ठेवावी, किंवा दुरुस्त करावी. भांडी, घड्याळे, शिवणयंत्रे यांच्या बाबतीत आपण या तीन वाटांचा फारसा विचार करीत बसत नाही; खिशाकडे पाहून निर्णय होऊन जातो. परंतु मोडलेली वस्तू जर खेळणे असेल, तेही सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे, घरातील तीन पिढ्यांनी हाताळलेले, तर प्रश्न इतका सोपा राहत नाही. तिची बाजारातील किंमत, तिच्याशी गुंतलेल्या आठवणी आणि तिचा उपयोग या तिन्ही गोष्टी एकमेकींशी भांडू लागतात. प्रस्तुत लेखात पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या आगगाडीच्या निमित्ताने आम्ही एक जुना नैतिक प्रश्न वाचकांपुढे मांडू इच्छितो: मोडलेले दुरुस्त करताना आपला अधिकार किती, आणि आपले कर्तव्य कोणते?

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मोठ्या प्रश्नांचा अभ्यास लहान वस्तूंवर करणे सोयीचे असते. लहान वस्तू हातात धरता येते, उलटसुलट करून पाहता येते, आणि तिच्याविषयी बोलताना आपला स्वार्थ व अभिमान थोडे बाजूला राहतात.

या खेळण्याचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात खऱ्या आगगाड्या धावू लागल्या आणि त्यापाठोपाठ मुलांच्या आगगाड्याही आल्या. मात्र त्या सुट्या असत. रूळ, डबे, इंजिने यांचा परस्परांशी मेळ नसे. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर धावणारी चावीची गाडी मांडली. आज एक डबा घ्यावा, पुढच्या नाताळाला एक सांधा घ्यावा, त्यापुढच्या वर्षी स्थानक घ्यावे, अशा रीतीने मुलाचा संसार वाढत जाण्याची सोय तिने करून दिली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० पासून चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. १९३८ साली त्याच कारखान्याने याच्या जवळजवळ निम्म्या मापाची, १६.५ मिलिमीटर रुळांवरची ‘हॉर्नबी डब्लो’ ही गाडी काढली. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. जुन्या गाड्यांचे मोल तेव्हापासून वाढतच गेले आहे.

आपल्या भागात अशी गाडी ज्या घरात आली, ते घर सुखवस्तू तरी असे किंवा त्या घरचे कोणी बोटीवर, लष्करात, रेल्वेत नोकरीस तरी असे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि हे खेळणे आणखी दुर्मीळ झाले. सातारा-सांगलीकडच्या बहुसंख्य मुलांची आगगाडी निराळीच होती. काड्यापेट्या दोऱ्याने एकामागे एक बांधल्या की गाडी तयार होई. तेही नसले तर पुढच्याच्या सदऱ्याचे टोक धरून पोरेच डबे होत आणि अंगणाला चकरा मारीत. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे आगगाडीवरील बालगीत महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक मुलाच्या ओठांवर आले, ते काही प्रत्येकाकडे पत्र्याची गाडी होती म्हणून नव्हे. खेळ आधी मनात असतो. वस्तू नंतर येते. ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

तरीही आगगाडीविषयी ओढ वाटावी असा हा प्रदेश आहे खरा. पुण्याहून निघालेली गाडी लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कराड अशी सातारा जिल्हा ओलांडीत किर्लोस्करवाडीवरून सांगलीस व मिरजेस येते. या मार्गावर आधी मीटरगेज होते. १९७१च्या सुमारास तेथे ब्रॉडगेज झाले. मिरजेचे वैशिष्ट्य असे की एकेकाळी तेथे तीन मापांचे रूळ एकत्र येत. पुण्याकडून ब्रॉडगेज, बेळगावकडून मीटरगेज आणि पंढरपूरकडून अडीच फुटी नॅरोगेज. यांतील शेवटची ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली तिचा पहिला टप्पा सुरू केला. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. लातूर ते मिरज हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरचे. वारकऱ्यांना, हळदीच्या व गुळाच्या व्यापाऱ्यांना आणि सुट्टीत आजोळी निघालेल्या मुलांना वाहणारी ही गाडी मोठ्या गाडीच्या शेजारी उभी राहिली की खेळण्यासारखी दिसे. आज मिरजेहून पंढरपूरला ब्रॉडगेजने जावे लागते. ती नॅरोगेज गाडी कोणाला दुरुस्त करून परत आणता यायची नाही. तिच्या वाटेवर दुसरी वाट आली आहे. काही गोष्टी जातात आणि त्यांचे जाणे मान्य करावे लागते, हेही दुरुस्तीचा विचार करणाऱ्याने आरंभीच लक्षात ठेवलेले बरे.

आगगाडीच्या प्रतिकृतींवर आयुष्य वाहिलेला माणूस पाहावयाचा असेल, तर फार दूर जावे लागत नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे वाफेच्या, डिझेलच्या आणि विजेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती एका लहानशा नगरातून प्रेक्षकांसमोर धावतात. शाळेच्या सहली तेथे जातात आणि मुलांबरोबर आलेले शिक्षकही मुलांइतकेच पुढे वाकून पाहतात. या संग्रहालयाविषयी आम्हांला विशेष वाटते ते हे की तेथील गाड्या चालतात. चालणे हे आगगाडीचे जीवन आहे आणि ज्याने ते उभारले त्याला हे पक्के ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. जुनी चावीची गाडी हाती आली म्हणजे जाणकार माणूस प्रथम काहीच करीत नाही, नुसते पाहतो. पत्रा कोठे गंजला आहे, कोठे केवळ मळला आहे, छापलेला रंग कोठे शाबूत आहे, हे समजून घेतो. या गाड्यांवरील रंग व अक्षरे पुष्कळदा पत्र्यावरच छापलेली असत. साबणपाण्याने घासले तर मळाबरोबर छपाईही निघते आणि ती पुन्हा आणता येत नाही. म्हणून मऊ कापड आणि किंचित तेल एवढ्यावरच आरंभीचे काम चालते. इंजिनाचे अंग पत्र्याच्या लहान जिभा वाकवून खालच्या भागाला अडकविलेले असते. या जिभा दोन-तीन वेळा वाकविल्या की तुटतात. म्हणजे यंत्र उघडून पाहण्याची संधी मोजकीच असते आणि प्रत्येक उघडणे ही त्या वस्तूच्या आयुष्यातील एक खर्ची पडलेली घटना असते. आतली स्प्रिंग ताणलेल्या स्थितीत एकदम सुटली तर बोट कापते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून काढणे घासणाऱ्याच्या आणि घरातील लेकरांच्या प्रकृतीला घातक आहे. विजेवर चालणाऱ्या जुन्या संचांच्या तारांवरील रबर विरून गेलेले असते. ते बदलल्याखेरीज त्यांना वीज जोडणे हा अविचार होय.

याहून विलक्षण असा एक रोग या गाड्यांना होतो. चाके आणि काही ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असत. ओतकामाच्या वेळी त्या धातूत शिशाचा अगदी अल्प अंश मिसळला गेला असेल, तर तो भाग दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा आतून फुगू लागतो, त्याला चिरा पडतात आणि शेवटी बोटाने दाबताच त्याचा भुगा होतो. विशेषतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांची अशी अवस्था झालेली आढळते. याला औषध नाही. बाहेरून रंग लावल्याने आतला क्षय थांबत नाही. तो भाग काढून त्याच मापाचा नवा ओतणे किंवा कातून घेणे एवढाच उपाय. आपल्या भागात हे काम अवघड नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून लोखंडाशी हात बसलेल्या कारागिरांची येथे वाण पडलेली नाही आणि सांगली-मिरजेच्या लेथवर असे इवलेसे चाक सहज कातून मिळेल. प्रश्न हाताचा नाही. काय बदलावे आणि काय ठेवावे या विवेकाचा आहे.

आपण एका कुटुंबाची कल्पना करू. आजोबा रेल्वेत होते, मिरजेस निवर्तले. घर आवरताना माळ्यावर एक खोका सापडला. त्यात इंजिन, कोळशाचा डबा, दोन प्रवासी डबे आणि वर्तुळाचे बारा रूळ. इंजिनाच्या पाठीवरचा हिरवा रंग मुलांच्या बोटांनी झिजलेला. स्प्रिंग तुटलेली. पुढच्या चाकाला चिरा गेलेल्या. एका डब्याचा आकडा मूळचा नसून कोणी तरी, बहुधा पणजोबांनीच, तारेचा वळवून बसविलेला. घरातील माणसे भोवती जमतात. थोरले बंधू म्हणतात, हिला नवा रंग देऊ, कोऱ्यासारखी करू आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवू. साताऱ्याची बहीण म्हणते, दादा, हात लावू नकोस. बाबांची बोटे आहेत त्या रंगावर. धाकटे बंधू चौकशी करून आलेले असतात. ते म्हणतात, मुळातली असेल तर किंमत येते, विकून टाकू आणि तिघांत वाटून घेऊ. आणि आठ वर्षांची नात एवढेच विचारते, ही चालते का?

चौघांच्या बोलण्यात चार निरनिराळे विचार आहेत आणि एकही अगदी टाकाऊ नाही. ते एकेक करून पाहू.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे थीसियसच्या जहाजाची आठवण होईल. अथेन्सचे लोक आपल्या वीराचे जहाज जपून ठेवीत आणि कुजलेली फळी काढून तिच्या जागी नवी बसवीत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. सगळ्या फळ्या बदलल्या गेल्यावर जहाज तेच राहिले काय, असा वाद तत्त्वज्ञ घालीत बसले. आमच्या गाडीचे चाक नवे, स्प्रिंग नवी, उद्या छप्परही नवे झाले तर ती पणजोबांची गाडी राहील काय? या कोड्यातून वाट काढण्यास ॲरिस्टॉटलची चार कारणांची शिकवण उपयोगी पडते. संत थॉमस अक्विनस यांनीही ती स्वीकारली. वस्तू कशाची बनली, तिचा घाट कोणता, ती कोणी घडविली आणि ती कशासाठी आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळून वस्तू समजते. आमच्या गाडीचे द्रव्य पत्रा व जस्त, घाट इंजिनाचा, घडविणारा कारखान्यातील कामगार, आणि हेतू मुलाचा खेळ. द्रव्याचा थोडा भाग बदलला तरी घाट आणि हेतू टिकले, तर वस्तू आपली ओळख हरवीत नाही. आपल्या देहातही द्रव्य बदलत असते. लहानपणचे दात जातात, केस जातात, आणि तरीही आपण तेच असतो. म्हणून नवे चाक बसविण्याने काही अपराध होत नाही. चाक नाही म्हणून गाडी न चालणे हीच तिची मोठी हानी होय.

मग थोरल्या बंधूंचे काय चुकते? चाकाला चिरा गेल्या म्हणून चाक बदलणे निराळे आणि रंग झिजला म्हणून रंग बदलणे निराळे. झिजलेल्या रंगाने गाडीच्या चालण्यात कोणतीही बाधा येत नाही. ती झीज मोडतोड नव्हे. ती वापर आहे. तीन पिढ्यांच्या मुलांनी जेथे बोटे धरली तेथेच रंग गेला. तो पुसून टाकणे म्हणजे ती मुले पुसून टाकणे. तोच नियम तारेच्या आकड्याला लावावा. तो कारखान्याचा नाही म्हणून काढून टाकावा असे एखादा काटेकोर संग्राहक सांगेल. परंतु एका बापाने रात्री कंदिलाच्या उजेडात पक्कडीने वळविलेली ती तार, जिने आजवर डबे ओढले, तिलाही या इतिहासात स्थान आहे. आपण दुरुस्ती करणारे पहिले नसतो, ही जाणीव दुरुस्ती करणाऱ्याला नम्र करते.

ही चूक खेळण्यांपुरतीच नाही. सणाच्या आधी मंदिरातील जुन्या मूर्तीला झळाळी यावी म्हणून उत्साही मंडळी ऑइलपेंटचा डबा आणतात आणि कोण्या अनामिक कारागिराने संत योसेफाच्या चेहऱ्यावर जी सौम्य छटा आणली होती, ती गुलाबी लेपाखाली कायमची झाकून टाकतात. हेतू भक्तीचा असतो, शंकाच नाही. परंतु चांगला हेतू मूर्तीचा चेहरा परत आणून देत नाही. आपल्याला काय दिसावेसे वाटते, यापेक्षा वस्तू काय आहे हे आधी पाहावे. हीच गोष्ट माणसांना लागू करून पाहावी. एखाद्याला सुधारावयाचे म्हणून आपण त्याच्यावर आपल्याच आवडीचा रंग चढवू लागलो, तर त्याचे मूळ देणे झाकले जाते.

आता धाकट्या बंधूंचा विचार. वस्तू विकणे यात पाप नाही. घरात अडचण असेल, कोणाची शस्त्रक्रिया असेल, तर खेळणे विकावे हेच उचित. परंतु जुन्या वस्तूंच्या बाजारात एक अप्रामाणिकपणा नेहमी डोकावतो. मोडकी गाडी घ्यायची, नवे भाग बसवायचे, रंग असा द्यायचा की तो जुना भासावा, आणि अस्सल मूळची म्हणून दुप्पट दामाने विकायची. नवा भाग बसविणे हा दोष नाही. तो मूळचा आहे असे सांगणे, किंवा विचारले नाही म्हणून गप्प राहणे, हा दोष आहे. सातवी व आठवी या दोन्ही आज्ञांचा भंग येथे एकाच सौद्यात होतो. दामाची चोरी होते आणि खोटी साक्षही दिली जाते. खोटी साक्ष देणारी वस्तू स्वतः मुकी असते, म्हणून तिच्याकडून ती वदवून घेणाऱ्याचा दोष अधिक.

जुन्या वास्तू दुरुस्त करणाऱ्यांनी या बाबतीत एक शहाणा नियम घालून घेतला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेने असे ठरविले की गेलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकंदर रचनेशी सुसंवादी तर असावाच, परंतु पाहणाऱ्याला तो मुळापासून वेगळा ओळखूही यावा. पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिराचा निमुळता कळस १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत कोसळला, तेव्हा हा वाद जगाने पाहिला. काहींचे म्हणणे होते की आजच्या काळाला साजेसा नवा कळस उभारावा. काहींना होता तसाच हवा होता. २०२० साली होता तसाच उभारण्याचे ठरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उपासनेसाठी उघडले. गंमत अशी की जो कळस जुना म्हणून परत आणला, तोही मध्ययुगातला नव्हता. व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी तो चढविला होता. म्हणजे एका दुरुस्तीचीच दुसरी दुरुस्ती झाली. पण यात फसवणूक कोणाचीच झाली नाही, कारण कोणता भाग कोणत्या काळचा हे सर्वांना सांगितले गेले. आमच्या गाडीच्या पोटात, जेथे सहसा नजर जात नाही तेथे, नव्या चाकावर सालाचा बारीक आकडा कोरून ठेवला तरी हा नियम पाळला जातो.

बहिणीचे म्हणणे सर्वांत हळवे आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक जपून करावा लागतो. काहीच करू नये, असेच राहू द्यावे. या म्हणण्यात प्रेम आहे, पण थोडी भीतीही आहे: हात लावला तर बाबा आणखी दूर जातील. येथे आम्ही मिरजेचेच उदाहरण घेऊ. मिरजेची सतार आणि तंबोरा यांचे नाव देशभर आहे. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही विद्या हाती घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालविली. या कारागिरांकडे जुने तंबोरे दुरुस्तीस येतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा सतत घासून खाचा पडतात आणि नाद बोथट होतो. मग कारागीर घोडीचा पृष्ठभाग अत्यंत नाजूक हाताने पुन्हा घासून जवारी काढतो. प्रत्येक वेळी घोडीचा थोडा अंश झिजून जातो. कधी ती बदलावीही लागते. तरीही गुरूचा तंबोरा आहे म्हणून त्याची जवारीच काढू नये, असे कोणताही शिष्य म्हणत नाही. न बोलणारा तंबोरा जपून ठेवण्यात गुरूचा सन्मान होत नाही. चावीच्या गाडीलाही हेच लागू आहे. बाबांची बोटे रंगावर आहेत ती तशीच राहू द्यावीत. परंतु बाबांनी त्या बोटांनी जे केले, म्हणजे चावी फिरवून गाडी सोडली, तेही चालू राहावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांनी वर्षानुवर्षे दुष्काळ सोसला. सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाई घरात शिरली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेने भिजलेल्या गाद्या, वह्या, तसबिरी, कपाटे यांचे ढीग लागले होते. अशा भूमीत जुन्या खेळण्यावर पैसा आणि वेळ घालविणे शोभते काय? आमचे उत्तर असे की मर्यादा राखली तर शोभते. जेथे संग्रह हाव बनतो, एकाच्या कपाटात पन्नास गाड्या बंद राहतात आणि शेजारच्या मुलाला वहीही नसते, तेथे तो दोषच आहे. त्याला कितीही सुसंस्कृत नाव दिले तरी. परंतु एका घराची एक गाडी दुरुस्त करण्यास पैशापेक्षा लक्ष अधिक लागते. ज्यांनी पुराचे ढीग पाहिले त्यांना हेही ठाऊक आहे की चिखलातून काढून, धुऊन, वाळवून जपलेली एखादी वस्तू घर पुन्हा उभे करण्यास किती बळ देते. आज नव्या वस्तू स्वस्त झाल्या आहेत आणि मोडले की फेकावे ही सवय घरोघरी रुजत आहे. वस्तूंविषयी अंगवळणी पडलेली सवय माणसांविषयी वापरली जाण्यास फार काळ लागत नाही. म्हातारे, आजारी, चुकलेले यांच्याकडेही मग आपण त्याच नजरेने पाहू लागतो.

आता राहिली नात. तिचा प्रश्न सर्वांत छोटा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. खेळ ही रिकामटेकडी गोष्ट आहे असे संत थॉमस मानीत नव्हते. शरीर थकले की जशी विश्रांती लागते, तशी बुद्धी थकली की खेळ व विनोद लागतो, आणि योग्य प्रमाणातील खेळ हा सद्‌गुणाचाच भाग आहे, असे त्यांनी ‘सुम्मा’मध्ये प्रतिपादिले आहे. तेथे त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून कोणी नाराज झाला, तेव्हा त्यांनी त्याला सतत बाण सोडीत राहण्यास सांगितले. सदैव ताणलेले धनुष्य मोडेल, हे त्या माणसाने स्वतःच कबूल केले. चावीच्या गाडीचे जाणकारही हेच सांगतात: खेळ संपला की स्प्रिंग ताणलेली ठेवू नये, गाडीला धावून मोकळी होऊ द्यावी. सदैव ताणलेल्या स्प्रिंगेचा जोर जातो.

मुलाच्या हाती दिली तर गाडी पुन्हा मोडेल, ही भीती खरी आहे. पण काचेमागे ठेवलेली गाडी मुलाला काय शिकविते? सुंदर वस्तू आपल्यासाठी नसतात, एवढेच. आरंभी आम्ही म्हटले की खेळ आधी मनात असतो आणि वस्तू नंतर येते. म्हणून तर काड्यापेट्यांची गाडी आणि हॉर्नबीची गाडी मुलाच्या मनात एकाच रुळावर धावतात. त्या मनापासून तोडलेली वस्तू कितीही अस्सल असली, तरी तिचा हेतू हरवलेला असतो. आणि हेतू हरवलेली वस्तू, ॲरिस्टॉटलच्या हिशोबाने, अर्धी मोडलेलीच आहे. भीतीवर उपाय कपाटाचे कुलूप नव्हे. शेजारी बसणारे वडीलधारे माणूस. रविवारी मिस्सानंतर तासभर आजोबा-आजी आणि नातवंडे यांनी मिळून रूळ जोडावेत, चावी फिरवावी आणि गाडी पुन्हा खोक्यात ठेवावी. झिजेल, पण वापराने झिजेल.

श्रद्धावंत वाचकांना येथे पुनरुत्थित प्रभूच्या जखमा आठवतील. शुभवर्तमानात त्या पुसल्या गेल्या नाहीत. थॉमसला त्या दाखविल्या गेल्या. देवाने जे नवे केले त्यातही भोगलेल्याची खूण राहू दिली. आपल्या लहानशा दुरुस्त्यांनी यातून एवढे घ्यावे की नवेपणासाठी भूतकाळ पुसावा लागत नाही. दुरावलेले भाऊ पुन्हा बोलू लागतात, मोडता-मोडता वाचलेला संसार पुन्हा सावरतो, तेव्हा काही झालेच नव्हते असे भासविण्याची गरज नसते. जेथे तडा गेला होता तेथे नवे चाक बसले आहे, हे दोघांनाही ठाऊक असते आणि गाडी चालते.

म्हणून त्या कुटुंबाला आम्ही सांगू ते असे. भुगा होऊ लागलेले चाक आणि तुटलेली स्प्रिंग बदलावी. त्यांच्यावाचून गाडीचे गाडीपण राहत नाही. झिजलेला रंग आणि तारेचा आकडा यांना हात लावू नये. पिवळ्या पुठ्ठ्याच्या त्या खोक्यात एक चिठ्ठी ठेवावी. तीत काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या साली बदलले, आणि काय मुद्दाम तसेच ठेवले, हे लिहावे. उद्या कोणी विकली तरी ती चिठ्ठी गाडीबरोबर जावी. काढलेले जुने भाग एका पाकिटात घालून चिठ्ठीशेजारी ठेवावेत. नंतर नातीला जवळ बोलवावे, चावी किती फिरवावी आणि कोठे थांबावे हे तिला दाखवावे, आणि गाडी रुळावर ठेवण्याचे काम तिलाच करू द्यावे.